काकडी आंबते, पण कुरकुरीत राहत नाही: शेपू घातलेल्या बरणीबद्दल

हिरवीफांद (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मिठाच्या पाण्यात शेपू आणि लसूण घालून आंबवलेली काकडी घरी नीट जमावी, हा गेले काही महिने माझा ध्यास आहे. व्हिनेगर ओतून करतात ती नव्हे. त्यात आंबटपणा बाटलीतून येतो. मला हवी आहे ती काकडी मीठ-पाण्यात बुडवून ठेवली की स्वतःच्या सालीवरच्या जिवाणूंनी आंबते. तिची चव वेगळीच असते, गोलसर आणि खोल. एकदा खाल्ली की व्हिनेगरची काकडी टोचल्यासारखी लागते.

तीन बरण्या झाल्या. पहिली पाचव्या दिवशी मऊ पडली, बोटाने दाबली तर आत खड्डा पडत होता. दुसरीवर पांढरा पापुद्रा आला म्हणून घाबरून सगळी टाकली. तिसरी चवीला छान झाली, पण आतून पोकळ, चावल्यावर पाणी उडायचं.

माझं प्रमाण: १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ, साधारण किलोभर काकड्या, शेपूची जुडी, लसणाचा एक गड्डा, मिरे. बरणी ओट्यावर, झाकण सैल. कुठे चुकतंय ते सांगा. मला हे खरंच शिकायचं आहे.

ओलीमाती

छान विषय! मीही यातून गेले आहे. पहिला प्रश्न: काकडीची टोकं कापता का?

हिरवीफांद

देठाकडचं कापते, फुलाकडचं नाही. फरक पडतो का?

ओलीमाती

फार. आणि तुम्ही नेमकं उलट करताय. देठाचं टोक राहिलं तरी चालतं. फूल जिथे चिकटलेलं असतं, त्या टोकाची दोन मिलिमीटर जाडीची चकती कापायचीच. तिथे पेक्टिन तोडणारी एन्झाइम असतात, आणि वाळक्या फुलाच्या अवशेषांवर वाढलेल्या बुरशीतूनही ती येतात. काकडीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने जोडलेल्या असतात. ते विरघळलं की काकडी आतून ढासळते. पहिल्या बरणीचं बहुधा हेच झालं असणार.

टोक ओळखायला: देठाकडे थोडा जाड, हिरवा, ताज्या कापाचा डाग असतो. फुलाकडे लहानसा फिकट, खरखरीत ठिपका असतो, कधी वाळकं फूल लटकलेलंही असतं. कळत नसेल तर दोन्हीकडून कापा, काही बिघडत नाही.

वजनकाटा

टोकांचं ओलीमाती यांनी बरोबर सांगितलं. पण माझ्या मते मुख्य दोष मिठाच्या हिशोबात आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांची बरणी इथेच बिघडते.

तुम्ही १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम घातलंत, म्हणजे तुमच्या मते तीन टक्के. पण काकडी स्वतः जवळजवळ ९५ टक्के पाणी असते. दोन-तीन दिवसांत मीठ आत जातं, आतलं पाणी बाहेर येतं, आणि मीठ दोघांत सारखं वाटलं जातं. तुमचं ३० ग्रॅम मीठ खरं तर १ लिटर पाणी आणि १ किलो काकडी मिळून दोन किलोंत पसरलं. म्हणजे दीड टक्का! एवढ्या कमी मिठात काकडी मऊ करणाऱ्यांना मोकळं रान मिळतं.

म्हणून पाण्याच्या टक्क्यांत बोलायचंच नाही. रिकामी बरणी काट्यावर ठेवून शून्य करा. काकड्या भरा, त्या बुडतील इतकं पाणी ओता, एकूण वजन बघा. त्या एकूण वजनाच्या साडेतीन टक्के मीठ. समजा काकड्या ९०० ग्रॅम आणि पाणी ९०० ग्रॅम, तर १८०० ग्रॅमला ६३ ग्रॅम. आता पाणी परत भांड्यात काढा, त्यात हे मीठ विरघळवा आणि तेच बरणीत ओता. सुरुवातीला पाणी चाखलंत तर खूप खारट लागेल (सात टक्क्यांच्या आसपास असतं), तरी घाबरून पाणी वाढवू नका. तिसऱ्या दिवशी पुन्हा चाखा, उतरलेलं असेल.

चमच्याने मोजू नका. चहाच्या चमचाभर बारीक मिठाचं वजन साधारण सहा ग्रॅम, पण जाड पापुद्र्याच्या मिठाचं त्याच चमच्यात जवळपास निम्मं भरतं. दोन घरांत ‘दोन चमचे’ म्हणजे दोन वेगळ्या काकड्या.

हिरवीफांद

वजनकाटा, हे वाचून मी अक्षरशः कागद-पेन घेऊन बसले. दीड टक्का! इतके दिवस मी तीन टक्के समजत होते. तुमच्या नावाला जागलात, मनापासून धन्यवाद.

पानगळ

वाखूसा (वाचनखूण साठवली)! मी अजून एकदाही केलेलं नाही, पण करायची इच्छा आहे. एक भाबडा प्रश्न: साधं आयोडीनयुक्त मीठ चालतं का? आणि नळाचं पाणी?

सूक्ष्मदर्शक

मी अन्नातल्या जिवाणूंवर काम करते, म्हणून हे मी घेते.

आयोडीनयुक्त मिठाने आंबणं थांबत नाही, ती भीती सोडा. बारीक मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात जे मिसळलेलं असतं त्याने पाणी जरा गढूळ होतं, इतकंच. जाडं, काही न मिसळलेलं मीठ मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर अडून बसू नका.

पाण्यातलं क्लोरीन मात्र जिवाणूंना मारण्यासाठीच असतं. पाणी उकळून पूर्ण गार करा, किंवा रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात, ते नुसतं ठेवून जात नाही. तिथे कार्बन फिल्टरमधून गाळलेलं पाणी वापरा. आणि गरम पाणी काकडीवर कधीही ओतू नका. आपल्याला हवे असलेले जिवाणू सालीवर आहेत, तेच मरतील. काकडी धुवायची तीही गार पाण्याने, साबण किंवा व्हिनेगर न लावता.

आत काय घडतं तेही सांगते, कारण ते कळलं की बरणीकडे बघायची नजर बदलते. सुरुवातीला सालीवर शेकडो प्रकारचे जीव असतात. मीठ आणि हवेचा अभाव यांत त्यातले बहुतेक मागे पडतात. ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू पहिले उठतात, आम्लासोबत भरपूर कार्बन डायऑक्साइड सोडतात. पहिल्या तीन-चार दिवसांत जे बुडबुडे दिसतात त्यात त्यांचा मोठा वाटा. आम्ल वाढलं की ते थकतात आणि लॅक्टोबॅसिलस प्लांटेरम ताबा घेतो, तोच शेवटपर्यंत नेतो. (२०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या मोठ्या गटाची फोड झाली, तेव्हापासून त्याचं नाव लॅक्टिप्लांटिबॅसिलस. जुन्या नावाची सवय जात नाही.) हे सगळे मिळून काकडीतली साखर लॅक्टिक आम्लात बदलतात, आणि पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साडेतीनच्या आसपास उतरतो.

पानगळ

किती छान समजावलंत! पण मनातली खरी भीती विचारते. बॉट्युलिझम (हवा नसलेल्या जागी वाढणाऱ्या एका जिवाणूच्या विषाने होणारी जीवघेणी विषबाधा)? बंद बरणी, हवा नाही, आठवडे बाहेर ठेवायचं...

सूक्ष्मदर्शक

विचारलंत ते चांगलं केलंत. पीएच ४.६ च्या खाली तो जिवाणू वाढू शकत नाही. पुरेसं मीठ आणि योग्य तापमान असेल तर बरणी काही दिवसांतच ती रेषा ओलांडून खाली जाते, आणि तोवर मीठ व इतर जिवाणूंची गर्दी त्याला जागा देत नाही. म्हणूनच मीठ आपल्या मनाने कमी करू नये. खात्री हवी तर पीएच पट्ट्या मिळतात. आठवडाभराने पट्टी बुडवून बघा, चारच्या खाली दिसायला हवं. तेवढ्या दिवसांत काहीच आंबट झालं नसेल तर ती बरणी खाऊ नका.

चांदणवेल

पांढऱ्या पापुद्र्याबद्दल कोणी बोललं नाही. हिरवीफांद, तुम्ही टाकून दिलेली दुसरी बरणी कदाचित चांगलीच होती. वाचून वाईट वाटलं.

सपाट, पांढरट, सुरकुतलेल्या सायीसारखा थर असेल तर ते काह्म (Kahm) नावाचं यीस्ट. विषारी नाही. चमच्याने काढून टाकायचं, बरणीची कड पुसायची. पण ‘निरुपद्रवी आहे’ म्हणून तसंच सोडायचंही नाही, कारण ते लॅक्टिक आम्लच खातं. जाड थर आठवडे राहिला तर आंबटपणा उतरतो, आणि मग नको ते जीव परत येतात.

केसाळ, उंच वाढलेली, हिरवी, काळी किंवा गुलाबी दिसली तर ती बुरशी. तिथे वरचं काढून खालचं खायचं, असं मी करत नाही. पूर्ण बरणी जाते. पाणी तारेसारखं चिकट ओढलं जात असेल किंवा कुजका वास येत असेल तरी तेच.

आणि पाणी दुधाळ होणं, तळाशी पांढरा साका बसणं हे चांगलं लक्षण आहे. ती काम संपवून खाली बसलेली जिवाणूंची वसाहत.

हिरवीफांद

सुरकुतलेल्या सायीसारखा. हो, अगदी तसाच होता. टाकायला नको होती. असो, आता कळलं.

पोकळ काकड्यांचं काय?

ओलीमाती

दोन कारणं. एक, काकडी आधीच पोकळ असते: वेलावर पाण्याची ओढाताण झालेली किंवा तोडून दोन-तीन दिवस झालेली. भरण्याआधी पाण्यात टाका. जी उताणी तरंगते, हाताने दाबली तरी उसळून वर येते, ती सॅलडमध्ये वापरा, बरणीत नको. दुसरं, गॅस. काकडीच्या आत कार्बन डायऑक्साइड अडकतो आणि मधला भाग फाटतो. लठ्ठ काकड्यांत जास्त. त्यांना जाड सुईने दोन-तीन ठिकाणी टोचा, गॅसला वाट मिळते.

काकडी निवडताना: बोटभरही नाही, वीतभरही नाही, त्याच्या मधली. आठ-दहा सेंटीमीटर. साल जाड, अंगावर गुठळ्या असलेली. लांब, गुळगुळीत, पातळ सालीची काकडी मऊच पडणार, तिच्याकडून कुरकुरीतपणाची अपेक्षा करू नये. चकचकीत मेणाचा थर दिलेली तर नकोच, त्यातून मीठ आत जात नाही. तोडल्यापासून एका दिवसात भरता आली तर सोनं. थोडी मरगळलेली असेल तर बर्फाच्या पाण्यात तास-दोन तास बुडवून ठेवा, परत ताठ होते.

निळंआभाळ

द्राक्षाची पानं घालतात त्याने खरंच काही होतं का? की नुसतं ऐकीव?

सूक्ष्मदर्शक

होतं, पण मर्यादित. द्राक्ष, ओक, चेरी यांच्या पानांत टॅनिन (तुरट चव देणारं द्रव्य) असतं, ते पेक्टिन तोडणाऱ्या एन्झाइमला रोखतं. पण फुलाकडचं टोक नीट कापलं असेल तर पानांची फारशी गरज उरत नाही. चिमूटभर चहापत्ती घालणारेही आहेत, कारण तेच. कॅल्शियम क्लोराइड मात्र खरोखर मदत करतं, कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना घट्ट बांधतं. तुरटीची जुनी सवय सोडली तरी चालेल.

वजनकाटा

पानांचा माझ्या लेखी दुसरा उपयोग: वर झाकण म्हणून. एक मोठं पान वर पसरलं की शेपूच्या काड्या, मोहरीचे दाणे वर तरंगत येत नाहीत. तरंगलेला प्रत्येक दाणा म्हणजे बुरशीला तराफा.

पानावर वजन ठेवा. काचेची छोटी वाटी, किंवा जाड पिशवीत मीठ-पाणीच भरून तिची गाठ मारून ठेवा. साधं पाणी भरू नका, पिशवी गळली तर आतलं मीठ पातळ होईल. काकडी पाण्याखाली दोन बोटं राहिली पाहिजे. बरणी ताटलीत ठेवा, पहिल्या आठवड्यात पाणी उतू जातंच. घट्ट झाकण असेल तर रोज एकदा सैल करून गॅस सोडायचा.

चांदणवेल

धाग्याचं नाव शेपूवरून आहे आणि शेपूबद्दल कोणीच लिहिलं नाही! मी लिहिते, हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

भाजीची कोवळी शेपू घातली तर वास येतो, पण तो आठवड्यात विरतो आणि पानांचा चोथा होतो. खरी मजा फुलोऱ्यात आहे. शेपू वाढू दिली की छत्रीसारखा पिवळा फुलोरा येतो, त्यात बी धरायला लागतं. अर्धं हिरवं, अर्धं तपकिरी बी असताना अख्खी छत्री काड्यांसकट तोडून बरणीच्या तळाशी एक आणि वर एक घालायची. बियांत कार्व्होन असतं, ज्याने शहाजिऱ्याला त्याचा वास येतो. तो टिकून राहतो. फुलोरा नाही मिळाला तर बाळंतशेपा वापरा, तेच शेपूचं बी. दोन लिटरच्या बरणीला दोन चहाचे चमचे, हलके चेचून.

बाकी मसाला मी कमीच घालते. लसूण सात-आठ पाकळ्या, काळे मिरे, मोहरी चमचाभर, एक सुकी मिरची. मोहरीचा तिखट वास यीस्टला आवडत नाही, त्यामुळे पापुद्राही कमी येतो. आणि लसूण कधीकधी चक्क निळा-हिरवा होतो. बघून दचकू नका, लसणातल्या गंधकाच्या संयुगांची आम्लात होणारी क्रिया आहे ती, खायला काही हरकत नाही.

पानगळ

शेपूचा फुलोरा! मी तर फुलं आली की वाफा उपटून टाकायचे. यंदा ठेवणार.

हिरवीफांद

चौथी बरणी आज भरली. काकड्या ८४० ग्रॅम, पाणी ८६० ग्रॅम, मीठ ६० ग्रॅम. फुलाकडची टोकं कापली, एक तरंगणारी बाजूला काढली. शेपूचे दोन फुलोरे. खोलीचं तापमान २१ अंश.

वजनकाटा

१७०० चे साडेतीन टक्के म्हणजे ५९.५. छान. तापमानही उत्तम आहे. २७ च्या वर गेलं तर मऊपणा येतो, १५ च्या आसपास असेल तर पाच-सहा आठवडे धरायचे. तुम्हाला तीन आठवडे पुरतील. रोज उघडून बघायचा मोह आवरा.

हिरवीफांद

पाचवा दिवस. पाणी दुधाळ झालं आहे, बरणीला कान लावला तर बारीक सळसळ ऐकू येते. हिरवा रंग जाऊन काकडी शेवाळी दिसते. हे ठीक ना?

सूक्ष्मदर्शक

अगदी ठीक. आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग असा मावळतो. आंबलेली काकडी चकचकीत हिरवी दिसली तर उलट शंका घ्यावी.

हिरवीफांद

नववा दिवस. राहवलं नाही, एक काढली. मधोमध आडवी कापून खिडकीशी धरली. कडेचा भाग काचेसारखा पारदर्शक झाला आहे, आणि मध्यभागी, बियांभोवती, अजून कच्च्या काकडीचा अपारदर्शक पांढरा डाग आहे, नाण्याएवढा. कडेला आंबट-खारट, मध्यभागी जवळजवळ ताज्या काकडीची चव. आणि कुरकुरीत! चावल्याचा आवाज शेजारच्या खोलीत गेला.

ओलीमाती

तो पांढरा डाग म्हणजेच तुमचं घड्याळ. अर्धी आंबलेली काकडी अशीच असते आणि कित्येकांना तीच आवडते. मला तर सर्वांत जास्त. आवडली असेल तर निम्म्या आत्ताच फ्रिजमध्ये टाका, थंडीत आंबणं अगदी मंद होतं. उरलेल्या तशाच राहू द्या. डाग पूर्ण गेला, काप सगळीकडे सारखा पारदर्शक दिसला की पूर्ण आंबली.

निळंआभाळ

एक काळजीचं लिहितो, कोणी वाईट वाटून घेऊ नका. माझ्या घरी रक्तदाबाचा त्रास आहे. साडेतीन टक्के म्हणजे शंभर ग्रॅम काकडीत साडेतीन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. तब्येतीला चांगलं म्हणून वाटीभर खाऊ नका.

सूक्ष्मदर्शक

वाईट काय वाटायचं, हे लिहायलाच हवं होतं. आधी मीच लिहायला हवं होतं. तोंडी लावणं म्हणूनच खावी.

हिरवीफांद

एकविसावा दिवस. काप आरपार पारदर्शक, पांढरं काही उरलं नाही. आत पोकळी नाही. वर थोडा पापुद्रा आला होता, चांदणवेलने सांगितलं तसा काढला. शेपू आधी नाकात येते, मग लसूण, आणि आंबटपणा सगळ्यात शेवटी जिभेच्या कडांना. कुरकुर नवव्या दिवसापेक्षा थोडी कमी, पण आहे. सगळी बरणी फ्रिजमध्ये त्याच पाण्यात ठेवली.

उरलेल्या पाण्यात पुढच्या वेळी नव्या काकड्या घालू का? फेकवत नाही.

वजनकाटा

काकड्यांसाठी नको. ते पाणी आधीच आंबट आहे आणि त्यात मिठाचा हिशोब लागत नाही. नव्या काकड्या आंबण्याऐवजी नुसत्या मुरतात. सूपमध्ये घाला (पोलंडमध्ये या काकडीचं आणि तिच्या पाण्याचं सूप घरोघरी होतं), बटाटे उकडल्यावर गरम असताना वर शिंपडा, सॅलडवर लिंबाऐवजी घाला. मात्र त्या पदार्थात वेगळं मीठ घालू नका.

पानगळ

माझी पहिली बरणी काल भरली! ६१० ग्रॅम काकडी, ६५० ग्रॅम पाणी, ४४ ग्रॅम मीठ. फुलोरा नव्हता, बाळंतशेपा घातला. आज सकाळी वाटीच्या कडेला तीन बुडबुडे दिसले.

हिरवीफांद

पानगळ, पाचव्या दिवशी बरणीला कान लावून बघा आणि इथे कळवा.